आठवीची सहल, तांबडी सुर्ला आणि हॅम रेडिओ: कोण येतंय आणि कसं करायचं?

कुळागरातला हॅम
मंडळी, मदत पायजे आणि थोडे सल्लेही. डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलाची आठवीची निसर्ग सहल नोव्हेंबरात तांबडी सुर्ल्याला जातेय. महादेवाचं देऊळ बघायचं, मग वाटाड्याबरोबर ओढ्याच्या कडेने धबधब्याच्या वाटेवर जमेल तेवढं जायचं, दुपारी देवळाकडे परत येऊन जेवण, मग बस. जागा भगवान महावीर अभयारण्यात येते म्हणून वनखात्याची परवानगी शाळेने घेतलीये, वाटाड्याही त्यांनीच सुचवलेला. पीटी सर माझ्या ओळखीचे, ते म्हणाले तिथे मोबाईल फक्त फोटो काढायच्या कामाचा, रेंज नाही, तुम्ही ते रेडिओवर बोलत बसता ना, मग या की आमच्याबरोबर.

मी हो म्हणून बसलोय :)

डोक्यात असं आहे की पोरं दोन गटांत, प्रत्येक गटाच्या पुढे एक हॅम (परवाना असलेला हौशी रेडिओवाला) आणि मागे एक हॅम. देवळाजवळ बेस. आणि एक गाडी साकोर्ड्याच्या बाजूला अशा जागी, जिथे मोबाईलला रेंज आहे आणि आमचा रेडिओही बेसला ऐकू येतोय, म्हणजे १०८ ला फोन करायची वेळ आलीच तर देवळाहून रेडिओवर गाडीला आणि गाडीतून फोन. म्हणजे सहा परवानावाले लागतात आणि आत्ता आहोत तीनच. फोंडा, डिचोली, सत्तरी, कुठलेही चालतील, मडगावकरही चालतील (लवकर उठायची तयारी असेल तर).

आठवीची आई
माझा मुलगा याच वर्गात आहे असं दिसतंय, म्हणून लिहिते. तुमचा हेतू चांगला आहे यात शंका नाही पण मला खरंच कळलं नाही की याची गरज काय. आम्ही पण सहलीला गेलो, बोंडल्याला गेलो, दूधसागरला गेलो, तेव्हा मोबाईल नव्हते आणि रेडिओवाले पण नव्हते, बाई आणि सर होते आणि शिट्टी होती. आता सहा माणसं यंत्रं घेऊन पोरांच्या मागे पुढे चालणार, त्यातली एकही शाळेची नाही. ती कोण, कुठली, हे पालकांना कोण सांगणार? पालक-शिक्षक संघात हा विषय आलाच नाही.

कट्टकडकट्ट
ताईंचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आधी द्या, मग ॲन्टेना बांधा. मी व्हीयू२ आहे, म्हणजे वरच्या जनरल परवान्याचा, मोर्सवाला, केस पांढरे. स्वयंसेवकांची यादी, ओळखपत्राची प्रत आणि परवान्याची प्रत शाळेकडे आधी जायला हवी, आणि एकही हॅम एकटा पोरांबरोबर असता कामा नये, प्रत्येकाच्या जोडीला शाळेचं माणूस. रेडिओ काय, कोणालाही चालवता येतो.

आता कायद्याचं. १९७८ चे हौशी सेवेचे नियम आहेत त्यात तिऱ्हाइताचे निरोप पोचवायला आपल्याला मोकळीक नाही, ती नैसर्गिक आपत्तीसारख्या वेळेला. तेव्हा तुमच्या व्यवस्थेत बोलणारा आणि ऐकणारा दोघेही परवानावाले पायजेत, आणि बोलणं आपल्या जागेचं, आपल्या हालचालीचं. 'मी दुसऱ्या ओढ्यापाशी आहे, पुढे निघालो' हे तुझं बोलणं. 'अमक्याच्या आईला कळवा डबा घरी राहिला' हे तिऱ्हाइताचं. माईक सरांच्या हातात द्यायचा नाही, पोरांच्या तर नाहीच. आणि पैसे, मानधन, पेट्रोल, काही घ्यायचं नाही. जेवण घालतील ते खायचं.

जिवावरचा प्रसंग आला तर अर्थातच आधी बोल, नंतर पुस्तक उघड.

पीटी सर
नमस्कार, मीच तो सर. ताई, पालकांना पत्र या आठवड्यात जातंय, त्यात नावं असतील आणि बैठकीत हे लोक प्रत्यक्ष येतील. उशीर झाला हे मान्य.

गरज काय ते सांगतो. साठेक पोरं आहेत. पायवाट एका माणसाच्या रुंदीची. पुढचा पोरगा आणि शेवटचा पोरगा यांच्यात बघता बघता एवढं अंतर पडतं की मी पुढे असलो तर मागे काय चाललंय ते मला कळतच नाही, आणि मागच्या टीचरला एखादं पोर बूट बांधायला थांबवावं लागलं तर तिने काय करायचं, ओरडायचं? ओढ्याचा आवाज असतो, ऐकू येत नाही. शिट्टी मारली तर पुढचे समजतात चला म्हणतायत, मागचे समजतात थांबा म्हणतायत. मला जंगलात हरवण्याची भीती नाही हो, वाटाड्या आहे. मला भीती आहे मोजणीची. प्रत्येक थांब्यावर दोन्ही गटांची मोजणी एकाच वेळी एका माणसाकडे आली पाहिजे, बस. एवढ्यासाठी बोलावलं यांना.

मेशवाला मडगाव
सर तुमचं काम रेडिओवर गप्पा मारण्याचं नाहीच, ते डेटाचं काम आहे. लोरा मेश लावा, म्हणजे निरोप एकमेकांमार्फत पुढे ढकलणारे छोटे रेडिओ, ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय आहे, खिशात मावणारे नोड, प्रत्येक शिक्षकाच्या बॅगेत एक, नकाशावर सगळे ठिपके आपोआप दिसतात, मेसेज टाईप करता येतो, परवाना नको परीक्षा नको व्हीयू२ व्हीयू३ काही नको. माझ्याकडे पाच-सहा पडून आहेत, फुकट देतो. नाहीतर सरळ एक सॅटेलाईट मेसेंजर घ्या, बाहेरचे ट्रेकर सगळे तेच वापरतात.

कट्टकडकट्ट
सॅटेलाईटवालं यंत्र गोव्याच्या विमानतळावर सापडलं म्हणून परदेशी पाहुण्यांना पोलीस स्टेशन दाखवलंय, पेपरात आलंय ते. दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय ते आपल्याकडे चालत नाही. शाळेच्या सहलीत तर नावच काढू नकोस.

मेश आण, माझी ना नाही. पण दाट झाडीत आणि दरडीच्या वळणाला त्याचाही दम लागतो, आणि ठिपका दिसला म्हणजे नोड दिसला, पोर नाही दिसलं. मोजणी माणसालाच करायला लागते.

कुळागरातला हॅम
मेशवाले बाब, तुम्ही या आणि नोडही आणा, एक बेसला, एक गाडीत, दोन गटांत. मुख्य काम आवाजावर, तुमचं जोडीला. चालेल?

सरांसाठी अजून एक. शिक्षकांना आपापसात बोलायला हॅमची गरजच नाही, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे अर्ध्या वॉटचे साधे वॉकीटॉकी २०१८ पासून परवान्याशिवाय वापरता येतात. 'टीचर पाणी संपलं', 'सर या दोघांना पुढे घ्या', हे सगळं त्यावर. त्या झाडीत काहीशे मीटर जातील, वळण आलं की गप्प होतील, पण एका गटाच्या पुढच्या-मागच्याला तेवढं पुरतं. फक्त ऑनलाईन 'लायसन्स फ्री' लिहिलेला प्रत्येक सेट तसा नसतो, २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कारणासाठी मोठमोठ्या ऑनलाईन दुकानांना नोटिसा काढल्या, तेव्हा घेण्याआधी मला दाखवा.

वाळपयचो
मी सत्तरीचो, हॅम बीम काय नाय, पण जंगलात जन्म गेलाय म्हणून दोन गोष्टी. पयली, ओढ्याचं पाणी तुमच्या डोक्यावरचा पाऊस बघून वाढत नाही, वर घाटात पडला की खाली ऊन असताना पाणी येतं. नोव्हेंबरात पण येतं, परतीचा पाऊस दुपारचाच कोसळतो. पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागला की पोरांना ओढा ओलांडू द्यायचा नाही, ओलांडला असेल तर पलीकडेच उंचावर बसवून ठेवायचं, घाईघाईत परत आणायचं नाही. तुमच्या गाडीतल्या माणसाला सांगा घाटाकडे बघत बस म्हणून, तो काय फक्त फोन धरून बसणार की काय.

दुसरी, सहल पुढे ढकलून जानेवारी-फेब्रुवारीत नेऊ नका. माकडताप. आमच्या पाळी गावात २०१५ साली आला तेव्हापासून आम्ही बघतोय, गोचिडी सुक्या दिवसात असतात. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही आणि जागा कळवायची. नोव्हेंबरातही पायमोजे घोट्यावर ओढून, फुल पँट.

पीटी सर
वाळपयकर, देव बरें करूं. पत्रात फुल पँट घातली. म्हणजे लिहिली :)

आठवीची आई
सर, पत्र मिळालं, बैठकीला मी होते, लोक बरे वाटले. आता दुसरा प्रश्न. तुम्ही रेडिओवर जे बोलणार ते कोणीही ऐकू शकतं असं त्या दिवशी तुम्हीच म्हणालात. मग 'अमुक मुलगी मागे राहिली, रडतेय' असं नावानिशी हवेत गेलं तर? कोण ऐकतोय, कुठे बसून ऐकतोय, आपल्याला काय माहीत. याला काही कुलूप नसतं का, व्हॉट्सॲपसारखं?

कुळागरातला हॅम
नाही ताई, कुलूप नसतं आणि लावायचंही नसतं. हौशी रेडिओवर साध्या भाषेत उघडं बोलायचं हाच नियम आहे, सांकेतिक भाषा, एन्क्रिप्शन बंद. सीटीसीएसएस म्हणून एक टोन असतो त्याला विकणारे 'प्रायव्हसी कोड' म्हणतात, ते खोटं आहे, त्याने फक्त तुम्हाला दुसऱ्यांचा आवाज येत नाही, तुमचा आवाज सगळ्यांना जातोच.

म्हणून ठरवलंय की हवेत कुठल्याही पोराचं नाव नाही, शाळेचं नाव नाही, आजार नाही, मुलगा-मुलगी पण नाही. प्रत्येकाला एक नंबर, यादी बेसला टीचरकडे कागदावर आणि प्रत्येक गटाच्या सरांकडे. काही झालंच तर 'चार-एक, पाय, चालू शकतं' एवढंच. बाकीचं टीचर यादीत बघेल.

कट्टकडकट्ट
बरोबर. आणि आकडे सुटे बोला. एकोणतीस आणि एकोणचाळीस, बत्तीस आणि छत्तीस, खरखरीत सारखेच ऐकू येतात, आणि पोरांच्या मोजणीत दहाची चूक म्हणजे बेसच्या माणसाला तिथेच घाम फुटायचा. दोन-नऊ म्हणा, तीन-नऊ म्हणा. ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचं, मगच पुढचं वाक्य.

आणि वेळा ठरवून घ्या. दर अर्ध्या तासाला बेसने हाक मारायची, गटांनी उत्तर द्यायचं: वेळ, जागा, मोजणी, पुढे काय. सगळं ठीक असलं तरी बोलायचं, किंबहुना सगळं ठीक असतानाच जास्त बोलायचं. हाकेला उत्तर नाही आलं तर दहा मिनिटांनी परत, तेव्हाही नाही तर बेसहून दोन माणसं वाटेने चालायला लागतील, चर्चा नाही. हे आधी कागदावर नसेल तर त्या वेळी प्रत्येकजण म्हणतो थांब रे, बॅटरी गेली असेल.

मेशवाला मडगाव
तात्या तुम्ही मिलिटरीत होता काय

कट्टकडकट्ट
पोस्टात. तारेत.

कुळागरातला हॅम
परवा आम्ही चौघं जाऊन वाट बघून आलो, वाटाड्या बरोबर होता. जरा लांब लिहितो कारण पुढे कोणाला उपयोग होईल.

जागा खोलगट आहे. देऊळ तीन बाजूंनी झाडी आणि डोंगराच्या कुशीत, कदंबांच्या काळातलं, इतक्या आत म्हणूनच शिल्लक राहिलं असं म्हणतात, पण ज्याने देऊळ राखलं तेच आमच्या सिग्नलच्या मुळावर. १४५ मेगाहर्ट्झवर पाच वॉटचा हातातला सेट, त्याची मूळची रबरी ॲन्टेना, बेस देवळासमोर. पहिल्या वळणापर्यंत झकास. दुसऱ्या ओढ्याकडे उतरलो की फक्त खरखर. तिथे दोन पावलं डावीकडे सरकलं की परत ऐकू येतं, उजवीकडे गेलं की जातं, कारण आवाज सरळ येतच नाही, दरडींवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी येतो आणि काही ठिकाणी एकमेकाला मारतो. म्हणून सगळ्यांना सांगितलंय, ऐकू येत नसेल तर ओरडू नका, मीटरभर सरका. सेट कमरेला लावून बोलू नका, आपलं अंगच सिग्नल खातं, तोंडासमोर उभा धरा.

मग रबरी ॲन्टेना काढून पाव वेव्हची, म्हणजे लहरीच्या पाव लांबीची, लवचिक लावली, साधारण ४९ सेंटिमीटर, आणि सेटच्या धातूच्या भागाला तेवढीच एक वायर खाली लोंबती सोडली. पोरं हसली असती पण फरक कान देऊन ऐकण्यासारखा होता, जिथे 'हॅलो' पण कळत नव्हतं तिथे वाक्य कळायला लागलं.

बेसचं काम तात्यांनी केलं. टीव्हीच्या जुन्या चपट्या ३०० ओहमच्या केबलीपासून गुंडाळी होणारी जे-पोल (इंग्रजी जे अक्षरासारखी ॲन्टेना) बनवून आणलेली. ती उंच न्यायची कशी, तर मासे गरवायचं तंगूस आणि शिशाचं वजन, गोफणीने फांदीवरून टाकलं, तंगुसाला सुतळी, सुतळीला केबल, ओढली वर. पहिल्या तीन वेळा शिसं भलत्याच फांदीत, चौथ्यांदा बरोबर. देवळाच्या आवारापासून लांब बांधली हे सांगायला नको, संरक्षित वास्तू आहे, तिथे खिळा सोडा दोरीही बांधायची नाही.

कट्टकडकट्ट
हिशेब साधा आहे. दीड मीटरवर धरलेल्या ॲन्टेनाचं क्षितिज सपाट मोकळ्या जागी ५ किलोमीटर, ९ मीटरवर नेली की १२. झाडं-डोंगर वेगळे. वॉट वाढवून जे मिळत नाही ते उंचीने मिळतं. लोक दहा वॉटचा सेट घेतात आणि तो खिशात ठेवून बोलतात.

कुळागरातला हॅम
हो. तरी दुसऱ्या ओढ्याच्या पुढे बेस थेट लागत नाही ते नाहीच. रिपीटरचा (ऐकलेलं आपोआप पुढे पाठवणाऱ्या यंत्राचा) विचार सोडला, माणूस उभा करायचा ठरवलं. दोन ओढ्यांच्या मध्ये एक उंचवटा आहे, मोठा खडक, तिथून दोन्हीकडे ऐकू येतं. तिथे एक हॅम दिवसभर बसणार, इकडचं ऐकून तिकडे सांगणार. नाव 'खडक'. बाकीची नावं 'शेंडा एक', 'शेपूट एक', 'शेंडा दोन', 'शेपूट दोन', 'देऊळ' आणि 'रस्ता'. कॉलसाईन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेलं हवेतलं नाव, नियमाप्रमाणे द्यायचंच, पण एरवी या नावांनी कारण वाटेवर व्हीयू३ अमुक तमुक कोणाच्या लक्षात राहतंय.

आणि ज्यांनी इंग्रजी व्हिडिओ बघून १४६.५२० सेट करून ठेवलंय त्यांनी ते पुसा. ती अमेरिकेची सवय. आपला दोन मीटरचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, त्याच्या वर आपण नाही. मुख्य एक आणि अडचण आली तर दुसरी अशा दोन फ्रिक्वेन्सी ठरल्यात, दोन्ही सेटच्या मागे चिकटपट्टीवर लिहा.

वाळपयचो
खडकावर बसणाऱ्याला टोपी आणि जळवांसाठी मीठ द्या. बिचारा.

मेशवाला मडगाव
खडकावर मी बसतो. परवाना आहे माझा पण, गेल्या वर्षीच आला, सांगितलं नव्हतं :)

कट्टकडकट्ट
आणि मला परीक्षा नको परीक्षा नको सांगत होता हा.

पीटी सर
काल सहल झाली. सगळे सुखरूप घरी, साडेपाचला बस शाळेत. मी थोडक्यात लिहितो, रेडिओचं ते लोक लिहितील.

साडेनऊला देवळाजवळ उतरलो. पोरांना आधी देवळाच्या भिंतीवरचं कोरीव काम बघायचं होतं, पण तात्या झाडाला वायर ओढत होते तिकडेच सगळी गर्दी, शेवटी मी तात्यांना म्हटलं तुम्हीच द्या दहा मिनिटांचं लेक्चर. दिलं. मग निघालो. पहिल्या अर्ध्या तासाला खडकावरून निरोप आला आणि देवळाजवळ टीचरच्या वहीत पहिली ओळ पडली, दोन-नऊ आणि तीन-एक. मला तिथे एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू. एरवी अख्ख्या सहलीत मी मनातल्या मनात मोजत असतो, पुढच्याचं ऐकत नाही, पक्षी दिसला तरी बघत नाही. काल मी मलबारी धनेश बघितला, पोरांबरोबर उभा राहून.

दुसऱ्या ओढ्याच्या पुढे एकाचा पाय मुरगळला. बाकी त्यांच्याकडून.

शेपूट दोन
मी शेपूट दोन होतो, फोंड्याचा, पहिल्यांदाच असलं काही केलं. मुरगळल्याचं सांगतो. शिक्षिकेने बघितलं, घोट्याला सूज, टेकवता येत होता. मी खडकाला सांगितलं, 'चार-एक, पाय, चालू शकतं, हळू', खडकाने देवळाला, देवळाने परत म्हणून दाखवलं. आता मोबाईल असता तर काय झालं असतं, मी सरांना लावला असता, सरांनी बेसला, बेसच्या टीचरने घरी, तेवढ्यात कोणीतरी ग्रुपवर टाकलं असतं. इथे एकदा बोललो आणि पाचही जागी एकदम कळलं. शेंडा दोनने आपणहून गट थांबवला, मी सांगायच्या आधी. शेंडा एक पुढे होता त्याने तिथूनच परत फिरायचं ठरवलं. देवळाने रस्त्याला सांगितलं गाडी पुढे आणून ठेवा, १०८ ची गरज नाही. पोरगं वाटाड्या आणि एक सर यांच्या मधून चालत आलं, देवळाजवळ क्रेप बँडेज, मग गाडीने फोंड्याला एक्सरेला, घरच्यांना रेंजमध्ये आल्यावर रस्त्यावरच्या सरांनी फोन. हाड शाबूत.

आता मेशवाल्याची गंमत कोण सांगतंय

कुळागरातला हॅम
मी सांगतो, तो सांगायचा नाही :D

अकराच्या सुमाराला मुख्य फ्रिक्वेन्सीवर मधेच अंताक्षरी ऐकू यायला लागली. दोन ओळी, बंद. परत खोकल्याचा आवाज, बंद. मग चिवड्याच्या पिशवीची खसफस. आणि प्रत्येक वेळी तेवढा वेळ बाकी कोणाचंच काही ऐकू नाही, कारण एफएमवर जोरदार सिग्नल असेल तोच ऐकू येतो, दुसरा त्याच्याखाली दबून जातो, आणि हा तर सगळ्यात उंच जागेवरून. तात्या म्हणाले टाईमआऊट लावा म्हणून सांगितलं होतं की नाही, लावला होता हो सगळ्यांनी, पण टाईमआऊट सेट एकसलग फार वेळ बोलत राहिला तर तोडतो, हे तर तुकड्यातुकड्याने होतं. आणि बटण कोणी दाबलंच नव्हतं. खडकावरच्या साहेबांनी सेट बाजूला ठेवून बॅग त्यावर टेकवली, कीपॅडला लॉक नाही, बॅगेने मेनूत घुसून व्हॉक्स चालू केलं. म्हणजे आवाज झाला की सेट आपोआप बोलतो. शेजारी पहिल्या गटातली पोरं पाणी प्यायला थांबलेली, त्यांची अंताक्षरी थेट प्रक्षेपण.

दुसरी फ्रिक्वेन्सी चिकटपट्टीवर होती म्हणून निभावलं. देवळाने मधल्या शांततेत सगळ्यांना 'दोनवर चला' म्हटलं, पाचजण गेले, खडक सोडून. मग शेपूट एक, जो तेव्हा खडकाच्या अलीकडेच होता, तो चालत गेला आणि बॅग उचलली. पाय मुरगळला तो यानंतर तासाभराने, नशीब.

मेशवाला मडगाव
अंताक्षरीत 'ळ' आला होता त्यांना, मी मदत करत होतो. बाकी माझ्या मेशच्या ठिपक्यांवर कोणी काही बोलत नाहीये, चारही नोड संध्याकाळपर्यंत चालू होते आणि रस्त्याच्या गाडीला पोरगं देवळाजवळ किती वाजता पोचेल ते त्यावरच कळलं.

कुळागरातला हॅम
हो ते खरं आहे. ते आणि लिखित मेसेज. रस्त्याला मधे मधे देवळाचा आवाज नीट येत नव्हता तेव्हा 'गाडी आण' हे मेशवर टाईप केलेलं आधी पोचलं.

पुढच्या वेळी कीपॅड लॉक, व्हॉक्स मेनूतूनच बंद, आणि खडकावर दोन माणसं. एकट्याने दिवसभर दोन्हीकडचं ऐकून लिहून परत सांगायचं म्हणजे डोकं पिकतं.

वाळपयचो
पाणी?

पीटी सर
वाढलं नाही, पण दीडच्या सुमाराला रस्त्यावरून निरोप आला घाटावर ढग काळे झालेत म्हणून, तोपर्यंत दोन्ही गट ओढ्यांच्या अलीकडे आले होते. पाऊस चारला पडला, आम्ही बसमध्ये होतो. तुमचं वाक्य बैठकीत वाचून दाखवलं होतं.

निवृत्त मास्तर पेडणे
वाचतोय सगळं. छान. पण असं वाटतं की साध्या सहलीला जरा जास्तच सैन्य लावलं. हॅमवाले आपत्तीत कामाला येतात ते वेगळं, २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद यांनी जे केलं ते सगळ्या देशाने वाचलं, बेटांचा संपर्क तुटलेला आणि त्या तिथे योगायोगाने रेडिओ घेऊन होत्या. त्या पातळीचं काम आणि मुरगळलेला पाय यांची तुलना नको.

कट्टकडकट्ट
मास्तर, तुलना कोणी केलेली नाही. पण त्या तिथे रेडिओ घेऊन होत्या ते आपत्तीसाठी नाही गेलेल्या, हौसेसाठी गेलेल्या, अंदमानहून जगाशी बोलायला. ॲन्टेना आधीच वर होती आणि हात सरावलेले होते म्हणून त्या दिवशी लगेच कामाला आले. आमच्यातल्या निम्म्यांनी परवाना काढून कपाटात ठेवलाय. परवा आमच्यातला एक शेपूट दोन सकाळी माईक दाबून अं अं करत होता आणि दुपारी 'चार-एक, पाय, चालू शकतं, हळू' असं चार शब्दांत बोलला. काही तासांत. हे घरी बसून होत नाही.

सैन्य जास्त होतं हे मात्र बरोबर. देवळाभोवतीच फिरायचं असतं तर दोन माणसं पुरली असती. वाट बघून ठरवायचं.

आठवीची आई
चार-एक माझाच. पाय बरा आहे, शाळेत जातोय. तुमचे सगळ्यांचे आभार मानते, आणि नाव हवेत गेलं नाही त्याचे वेगळे.

आता नवीन त्रास. दोन दिवस झाले घरात सगळ्याला 'ओव्हर' म्हणतोय. पाणी दे ओव्हर. आणि विचारतोय मला परवाना कधी मिळेल. तेरावं चालू आहे त्याला. मोठ्यांचंच असतं ना हे?

कुळागरातला हॅम
नाही ताई, वयाची अट १२ वर्षं पूर्ण. म्हणजे आठवीतली पोरं बसू शकतात. आधी रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा, त्यात मोर्स नाही, थोडं रेडिओचं विज्ञान आणि नियम, परवाना मिळाला की व्हीयू३ ने सुरू होणारं कॉलसाईन. जनरलला मोर्स लागतं, मिनिटाला आठ शब्द, ते पुढे बघू. अर्ज दूरसंचार खात्याच्या सरल संचार पोर्टलवर. पुढे विज्ञानात ओहमचा नियम येईलच, तो थोडा आधी शिकला तर बिघडलं काय.

पीटी सर
शाळेत अजून सात-आठ जण विचारतायत. शनिवारी शाळा सुटल्यावर वर्ग घेता येईल का? प्रयोगशाळेची खोली मिळेल.

कट्टकडकट्ट
मी येतो. मोर्सची किल्ली पण आणतो, परीक्षेला नसली तरी पोरांना ती आवडते. फक्त खोलीत पंखा जुना असेल तर बंद ठेवा, त्याची खरखर कधीकधी रेडिओत येते.

शेपूट दोन
मी पण येतो, मला पण ओहम परत करायचाय. ती जे-पोल कशी बनवली त्याची मापं इथे टाकाल का तात्या?

कट्टकडकट्ट
वेगळा धागा काढतो, इथे हरवेल. केबल मात्र आत्ताच शोधायला लाग, ती चपटी हल्ली म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भंगारातच मिळाली तर मिळते.